मी झोपत नाही, नुसता पडतो

दुपारचं जेवण झालं की मी जरा पडतो. झोपत नाही. हा फरक हल्ली लोकांना कळत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. झोपणाऱ्या माणसाला उशी लागते, चादर लागते. पडणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असतो, छातीवर वर्तमानपत्र असतं, आणि कोणी विचारलंच तर अग्रलेखातला मुद्दा त्याला सांगता येतो. चौतीस वर्षं मी डोंबिवलीतल्या एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. दिवसा झोपणाऱ्याचं भाग्यही झोपतं, हे मी स्वतःच्या हस्ताक्षरात फळ्यावर लिहून ठेवत असे. असा माणूस दुपारी झोपेल कसा?

तर मी पडतो, आणि पलंगाखाली मिरी झोपते. ती मात्र खरोखर झोपते. मिरी म्हणजे आमची कुत्री. मांजरापेक्षा जेमतेम मोठी, काळी कुळकुळीत, एक कान ताठ आणि दुसरा अर्ध्यात दुमडलेला. लेक सोनल कोलशेतला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली, तिथल्या लिफ्टला मिरी घाबरते म्हणून चार दिवसांसाठी आमच्याकडे आली, त्याला आता चार महिने झाले. सकाळी सहाला तिला फिरवणं, परत आल्यावर पंजे पुसणं, नाचणीची अर्धी भाकरी कुस्करून देणं, दर रविवारी आंघोळ घालणं ही कामं मी करतो. आंघोळ म्हणजे तिला एकदा, मला तीनदा आणि न्हाणीघराच्या भिंतींना सतत.

पण तिचं झोपणं पाहावं. दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या गल्लीत सगळं मंदावतं. इस्त्रीवाला टेबलावर डोकं टेकतो. पंखा फिरतो आणि पडदा आत येतो, बाहेर जातो, पुन्हा आत येतो. जमिनीवर उन्हाचा एक चौकोन असतो, तो हळूहळू मिरीकडे सरकतो. मग तिचे पुढचे दोन पाय हलू लागतात. मिशी थरथरते. ती कुठेतरी धावत असते. कुठल्या माळावर, कोणाच्या मागे, देव जाणे. ते पाहता पाहता माझ्याही पापण्या जड होतात. पण ते विचारांमुळे.

असं सगळं सुखात चाललं असताना सोसायटीची नोटीस आली. 'सदनिका क्र. २०२ (श्री. गुणाजी परब) मधील श्वान दररोज दुपारी दोन ते चार या वेळेत भुंकते. येत्या रविवारच्या सभेपर्यंत बंदोबस्त न केल्यास श्वानास इमारतीबाहेर हलवण्यात येईल.' खाली सेक्रेटरी सहदेव गायकर यांची सही आणि शिक्का. शिक्का दोनदा मारला होता, कारण पहिला उलटा पडला होता.

मी ताडकन तळमजल्यावर गायकरांकडे गेलो. आमची इमारत त्यांच्या वडिलांच्या भातशेतावर उभी आहे, त्यामुळे सेक्रेटरीपद त्यांच्याकडे जमिनीबरोबरच आलं आहे.

"गायकर, दुपारी मी स्वतः घरात असतो. जागा असतो. कुत्री भुंकली तर मला ऐकू येणार नाही का?"

"सर, तुमी शिकलेली मानसं, तुमच्या म्होरं आमी काय बोलनार? पन तक्रार लेखी हाय. वरच्या मालन सिस्टरची."

मालन आमच्या डोक्यावर, तीनशे दोनमध्ये राहते. इस्पितळात नर्स आहे आणि गेले तीन महिने तिला रात्रपाळी आहे. ती सकाळी नऊला घरी येते, स्वयंपाक उरकते, आणि एकला झोपते. म्हणजे तक्रार खरी असणार हे मला मनातून कळत होतं. पण मला ऐकू कसं येत नाही? माझ्या कानांना अजून काही झालेलं नाही. शेवंती, म्हणजे आमची ही, दुपारी समोरच्या केशरबाईंकडे पापड लाटायला नाहीतर गप्पा लाटायला जाते, त्यामुळे साक्षीदार कोणी नव्हता.

"झोपेत भुंकत असेल," शेवंती म्हणाली. "स्वप्नात."

ही कल्पना मला पटली. माणूस झोपेत बोलतो, तसं कुत्रं झोपेत भुंकत असणार. आणि पडलेल्या माणसाच्या विचारांची तंद्री लागली असेल तर त्याला ते ऐकू न येणंही शक्य आहे. थोडक्यात, मिरीची स्वप्नं थांबवायची होती. काम लहानसं होतं. मी वहीत 'स्वप्नबंदी' असा मथळा घालून तारीख टाकली.

पहिला सल्ला केशरबाईंचा. त्यांनी दारातच निदान केलं. "सर, उत्तरेला डोकं करून झोपत असेल ती. उत्तरेला डोकं केलं की वाईट स्वप्नं पडतात. आमचे हे अकरा वर्षं तसे झोपले, म्हणून तर स्वभाव असा झाला."

केशरबाईंचे हे आतून म्हणाले, "मी पूर्वेला डोकं करतो." पण त्यांचं त्या घरात कोणी ऐकत नाही. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि मिरीची गादी दक्षिणोत्तर लावली. भूगोलाच्या शिक्षकाला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. अडचण मिरीने काढली. ती गोल वेटोळं करून झोपते, आणि तिचं डोकं शेपटीवर असतं. डोकं दक्षिणेला आणलं की शेपूटही दक्षिणेला. मी तिला हळूच सरळ केलं, तिने जांभई देऊन पुन्हा वेटोळं केलं. गोल झोपणाऱ्या प्राण्याविषयी शास्त्राने काहीच सांगून ठेवलेलं नाही. अर्धा तास गुडघ्यांवर बसून मी तिला फिरवत होतो. शेवटी तिने उठून होकायंत्राचा मोबाइल तोंडात धरला आणि पलंगाखाली नेला.

त्या दुपारी मालन वरून खाली आली नाही, पण तिने आमच्या डोक्यावर तीनदा पाय आपटला, असं नंतर कळलं.

दुसरा सल्ला खालच्या मेडिकलवाल्या विकीचा. "सर, सिंपल आहे. थकवून टाका तिला. फुल थकली ना, की स्वप्नबिप्न काय पडणार नाय. डायरेक्ट ब्लँक."

मग मी मिरीला भर बाराच्या उन्हात मानपाडा रस्त्यापर्यंत चालवलं. तिथून एमआयडीसीच्या कोपऱ्यापर्यंत. परत येताना मिरीने एका झाडाखाली बसून घेतलं आणि ती उठेना. तिचे पंजे पोळत होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली. तिला छातीशी धरून मी घरी आणलं. ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून मागचा रस्ता बघत होती, आणि रिक्षावाले मला "काका, बसा" म्हणत होते. पण कुत्र्यासकट म्हटलं की मीटरच पडेना.

घरी येऊन तिचे पंजे ओल्या फडक्याने पुसले, जेवलो आणि पडलो. त्या दिवशी, म्हणे, भुंकणं नेहमीच्या दुप्पट झालं. पाऊण तास सलग. मालनने गायकरांना फोन केला, गायकरांनी शेवंतीला केला, आणि शेवंती पापडाच्या पिठाच्या हातांनी धावत आली तेव्हा मी वर्तमानपत्राखाली विचार करत होतो आणि मिरी शहाण्यासारखी माझ्याकडे बघत बसली होती.

"तुम्हांला खरंच काही ऐकू आलं नाही?" शेवंतीने विचारलं.

"मी जागाच होतो," मी म्हणालो. अग्रलेखातला मुद्दाही सांगितला. तो आदल्या दिवशीचा निघाला.

इकडे शेवंतीच्या भावाचा, सखारामचा, खडवलीहून फोन आला. त्याने तिथे जागा घेऊन कोंबड्या पाळल्या आहेत. "भावोजी, पाठवून द्या इकडे. राखणीला होईल. रविवारी संध्याकाळी येतो, घेऊन जातो." राखणीला! जी झुरळ दिसलं तरी माझ्या पायांमागे येते, ती कोंबड्यांची राखण करणार? कोंबड्यांनीच तिला सांभाळावं लागलं असतं. पण शेवंतीने त्याला 'ये' म्हणून सांगितलं. मालनचे खोल गेलेले डोळे तिने जिन्यात पाहिले होते. "तिचंही खरं आहे हो," ती म्हणाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मी मिरीला कुत्र्यामांजरांच्या डॉक्टर मेघनाकडे नेलं. तिने पाय, कान, दात तपासले. "सगळी कुत्री स्वप्नं बघतात सर. त्याला औषध नसतं. आणि असतं तरी मी दिलं नसतं."

"मग तसं लिहून द्या."

तिने लेटरहेडवर लिहून दिलं: 'सदर श्वान झोपेत भुंकत असल्यास ते स्वप्नामुळे असू शकते.' तो कागद घेऊन मी गायकरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"असू शकते म्हंजे? हाय का नाय?"

"वैद्यकीय भाषा अशीच असते."

"सर, भाषेचं तुमी बघा. नियमात भुंकणारं जनावर चालत नाय. झोपेत भुंकतं असं सिद्ध झालं तर सभेपुढं ठेवता येल, इच्छा नसताना भुंकलं म्हणून. पन पुरावा पायजेल. झोपलेलं असतानाचा."

म्हणजे आता कुत्री झोपलेली असल्याचा पुरावा. नातीला, सान्वीला, फोन केला. तिने मोबाइलवर आवाज कसा टिपून ठेवायचा ते समजावलं, आणि "आजोबा, लाल गोल दाबायचा, हिरवा नाही" असं चार वेळा सांगितलं. शनिवारी जेवण झाल्यावर मी लाल गोल दाबला, मोबाइल तिपाईवर ठेवला आणि पडलो. पडदा आत आला, बाहेर गेला. उन्हाचा चौकोन मिरीच्या शेपटीपर्यंत पोहोचला. तिचा एक पाय हलला. कुठल्या माळावर गेलीस ग बाई, असं मी म्हणालो, आणि पुढचं आठवत नाही; विचारात असणार.

साडेचारला चहा घेताना मी आणि शेवंती स्वयंपाकघरात ते ऐकायला बसलो. आधी बराच वेळ पंखा. मग कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग एक खाकरणं. आणि मग, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा, माझा आवाज.

"एक. आचरेकर दत्ताराम."

"भुक्."

"दोन. आंब्रे विश्वास."

"भुक्."

"तीन. बांदिवडेकर उल्हास."

"भुक्."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. मी झोपेत हजेरी घेत होतो. सातवी ब. पूर्ण पट, त्रेसष्ट मुलं. आणि एकेका नावाला मिरी, इमानाने, एकदाच, हजर म्हणत होती. एकदाही चुकली नाही. सत्ताविसाव्या नंबराला मी केवढ्याने ओरडलो! "सत्तावीस! पाटील नयन! कुठे आहे हा? पुन्हा पळाला?" त्यावर मिरी दोनदा भुंकली. नयनच्या वतीने माफी मागितली असावी.

शेवंती हसता हसता ओट्याला टेकली. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "अहो, म्हणजे ती झोपेत नाही भुंकत. तुम्ही झोपेत..."

"हे या घराबाहेर जाता कामा नये," मी म्हणालो.

"आणि मिरी?"

मी चहाचा कप ओट्यावर ठेवला. तुम्हीच विचार करा. सबंध इमारत मला सर म्हणते. पाण्याच्या टाकीच्या वादात दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. गणपतीत आरती चुकली तर माझ्याकडे बघतात. गेल्याच वर्षी मी वर्धापनदिनाला 'दुपारची झोप: एक राष्ट्रीय हानी' या विषयावर वीस मिनिटं बोललो होतो. समोरचे निम्मे झोपले होते, ती गोष्ट वेगळी. त्या माणसाने उठून सांगायचं की तो रोज दोन तास झोपतो आणि वर घोरायचं सोडून हजेरी घेतो? मी ते टिपण पुसून टाकायला मोबाइल हातात घेतला. कुठलं बटण ते सापडलं नाही. सान्वीला विचारण्याची हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी दहाला गच्चीवर सभा भरली. सखारामही लवकर आला होता. बरोबर भाजीची मोठी करंडी, तिच्यात पोतं अंथरलेलं. मिरी माझ्या मांडीवर होती. करंडीकडे पाहून तिने शेपूट हलवली, कारण तिला सगळीच माणसं आणि सगळ्याच करंड्या आवडतात. मी तिला जरा घट्ट धरलं.

मालन उभी राहिली. रात्रपाळी करून थेट आली होती. "सर, मला पण प्राणी आवडतात, खरंच. पण मी रात्रभर उभी असते. काल एका पेशंटला इंजेक्शन देताना माझा हात थरथरला. काही झालं नाही, पण झालं असतं तर? मला फक्त झोप पायजे."

गायकरांनी वही उघडली. "मग ठराव असा, का श्वानास आज संध्याकाळी..."

मिरीने माझ्या मनगटावर हनुवटी टेकली होती. तिचा श्वास हाताला कोमट लागत होता. तिने काहीही केलेलं नव्हतं. मी हाक मारली, तिने ओ दिली, एवढाच तिचा गुन्हा. चौतीस वर्षांत मी एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याला बाहेर उभं केलं नव्हतं.

मी उठलो. "थांबा. मी दुपारी झोपतो," मी म्हणालो.

हे वाक्य उच्चारायला किती त्रास झाला, ते शब्दांत सांगता येणार नाही. केशरबाईंनी "अगो बाई" म्हटलं. मी मोबाइल खुर्चीवर ठेवून बटण दाबलं. आधी नुसता पंखा, मग गच्चीभर माझा आवाज घुमला. "एक. आचरेकर दत्ताराम." आणि माझ्या हातातून उतरून मिरी सगळ्यांसमोर ताठ बसली आणि भुंकली. मोबाइलमधली एक मिरी आणि समोरची एक, दोघी बरोबर. दोन. तीन. चार. आधी विकी हसला, मग केशरबाईंचे हे, मग सगळी गच्ची. सखारामने करंडी पालथी घालून तिच्यावर बसून घेतलं. माझे कान तापले होते. मी समोरच्या टाकीकडे बघत उभा राहिलो.

गायकरांचं पेन वहीवर थांबलं होतं. "आता ठराव कोनाविरुद्ध करायचा? सदस्यानं झोपेत हजेरी घेऊ नये असा नियमच नाय."

मालन हसत नव्हती. ती पुढे येऊन लक्ष देऊन ऐकत होती. सत्ताविसाव्या नंबराला तिने मान वर केली. "सर, तुमचा आवाज मला टीव्हीचा वाटायचा. पण हा सत्तावीस नंबर कोण आहे? मी रोज तिथेच दचकून उठते."

"पाटील नयन. पोहायला पळायचा. म्हणून त्याचं नाव जरा मोठ्याने घ्यावं लागतं."

"आणि रोज हाच वर्ग का?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझा जन्म ऑक्टोबरातला. अठ्ठावन्न पूर्ण झाली की त्या महिन्याअखेर शिक्षक निवृत्त होतो. म्हणजे सहामाही परीक्षा घेतली आणि मी घरी आलो. त्या वर्गाचे नकाशे भरायचे राहिले होते. निकाल दुसऱ्याने लावला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मुलं शाळेत गेली, मी गेलो नाही. हे सगळं मी त्या गच्चीवर सांगून टाकलं.

"तुम्ही त्यांना सोडलंच नाहीत सर," मालन म्हणाली. "शाळा सोडल्याचे दाखले तरी द्या बिचाऱ्यांना. आता पोरांना पोरं झाली असतील."

ती बोलली ते थट्टेत की खरं, मला कळलं नाही. मला ते शिक्षकाला शोभेल असं काम वाटलं. सभेने मला एक महिना दिला. सखाराम जेवून, रिकामी करंडी घेऊन खडवलीला गेला.

मी दोनशे पानी वही आणली आणि रोज सकाळी पाच-पाच दाखले लिहू लागलो. व्यवस्थित, रकाने पाडून. आचरेकर दत्ताराम, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात नियमाप्रमाणे काहीतरी लिहावं लागतं. मी लिहिलं, 'मोठा झाला.' आंब्रे विश्वास, मोठा झाला. नयन पाटीलच्या दाखल्याला एक अख्खी सकाळ गेली. वर्तणूक काय लिहावी? शेवटी 'चांगली' लिहिलं आणि खाली, 'पोहण्यात विशेष गती.' सही करताना माझे डोळे भरून आले. मी कोणाचीही तमा न बाळगता रडलो. मिरी टेबलाखाली होती. ती माझ्या पायावर येऊन बसली.

त्रेसष्टावा दाखला झाला त्या दुपारी मी झोपलो, हो, झोपलो, आणि घरात आवाज झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने मालन वाटीभर शेवयांची खीर घेऊन आली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली होती. "सर, काल सलग पाच तास," ती म्हणाली आणि मिरीच्या दुमडलेल्या कानाला खाजवून गेली. गायकरांनी वहीत 'प्रकरण निकाली' असं लिहिलं.

काल दुपारी मला मध्येच जाग आली. पंखा फिरत होता. उन्हाचा चौकोन रिकाम्या गादीवर पडला होता. मिरी झोपली नव्हती. ती पलंगाशी ताठ बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. ताठ कान पुढे, दुमडलेला कानही जमेल तेवढा पुढे. किती वेळ बसली होती कोण जाणे. बहुधा रोजच बसत असेल. तिला दाखल्यांचं कोणी सांगितलंच नव्हतं.

मी कुशीवर वळलो. वर मालन झोपलेली. तोंड मिरीच्या कानाजवळ नेलं आणि अगदी हळू, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणालो, "एक. परब मिरी गुणाजी."

ती भुंकली नाही. तिने पुढचा एक पंजा उचलून माझ्या तळहातावर ठेवला, आणि मी तिची हजेरी मांडली.